कपॅसिटर आणि स्थानिक फायली: पत्ता चोख, पूल अरुंद

जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले पान संगणकावर डेव्ह सर्व्हरवरून (कोड लिहिताना चालवायच्या सर्व्हरवरून) झकास चालते. तेच ॲपमध्ये बांधून फोनवर टाकले की धड्यांची जेसन (मजकूर रूपातल्या डेटाची) फाइल उघडत नाही, फॉन्ट येत नाही, ऑडिओ पुढे सरकवता येत नाही. वेब तंत्राने मोबाइल ॲप करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा टप्पा लागतो. वेब पानाला मोबाइल ॲपमध्ये बांधणारे कपॅसिटर हे मोफत, एमआयटी परवान्याचे साधन फायलींच्या या एका कामात कसे उतरते, तेवढेच इथे तपासले आहे. ॲपबरोबर आलेल्या आणि फोनवर असलेल्या फायली वेबव्ह्यूपर्यंत, म्हणजे ॲपच्या आतल्या ब्राउझरपर्यंत, कशा पोहोचतात, कुठे अडतात आणि का, हे प्रश्न आहेत. कॅमेरा, नोटिफिकेशन वगैरे प्लगइन्सबद्दल इथे काही नाही.

मत आधीच सांगतो. ॲपबरोबर बांधलेल्या फायलींसाठी कपॅसिटरइतके कमी त्रासाचे दुसरे साधन नाही. फोनवरच्या मोठ्या फायलींसाठीही तो चांगला आहे, पण तिथे दस्तऐवजात पहिल्यांदा नजरेस पडणारे 'रीडफाइल' हे फंक्शन बहुतेक वेळा चुकीची निवड ठरते, आणि ॲप का कोसळते हे कळायला बराच वेळ जातो.

फाइल स्कीमचा जुना आजार

अडचण फायलीच्या मार्गाची वाटते, पण ती पानाच्या ओळखपत्राची असते. ब्राउझर प्रत्येक पानाला एक ओरिजिन देतो: स्कीम, होस्ट आणि पोर्ट मिळून. फाइल स्कीमने उघडलेल्या पानाला होस्टच नसतो, म्हणून क्रोमियम (क्रोमचा पाया) त्याचे ओरिजिन 'नल' धरतो आणि शेजारच्याच फोल्डरमधली फाइल त्या पानाला परकी ठरते. फेच, म्हणजे फाइल मागवणारे जावास्क्रिप्टचे फंक्शन, तिथे सरळ नकार देते. मॉड्यूल प्रकारची स्क्रिप्ट सीओआरएसच्या (परक्या ओरिजिनचा मजकूर वाचू द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या नियमाच्या) तपासणीत अडकते, त्यामुळे व्हीटसारख्या बांधणीच्या साधनाने केलेला आधुनिक बिल्ड (ॲपमध्ये घालायचा तयार संच) कोरे पान दाखवतो. जुन्या एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टने फाइल वाचता आलीच, तर यशस्वी उत्तराचा स्टेटसही २०० नसून ० येतो, आणि २०० ची वाट पाहणारी लायब्ररी हातात आलेला मजकूर टाकून देते. चित्राचा टॅग मात्र बिनबोभाट चालतो, कारण नुसते चित्र दाखवायला सीओआरएस लागत नाही. चित्रे दिसतात पण जेसन येत नाही, असे लक्षण दिसले की आधी ॲड्रेस बघावा. तो फाइल स्कीमने सुरू होत असेल तर निदान झाले.

यावर अँड्रॉइडमध्ये अनेक वर्षे एकच उतारा फिरत होता: वेबव्ह्यूच्या सेटिंगमध्ये फाइल यूआरएलना सर्वत्र प्रवेश देऊन टाकणे. त्याने काम होते, पण ॲपमध्ये शिरलेली कोणतीही स्क्रिप्ट ॲपच्या खासगी फायली वाचू शकते. गुगलने एपीआय ३०, म्हणजे अँड्रॉइड ११, पासून ही सेटिंग्ज कालबाह्य ठरवली आणि अँड्रॉइड ११ लक्ष्य ठेवणाऱ्या ॲप्ससाठी फाइल प्रवेशच मुळात बंद ठेवला. त्याऐवजी अँड्रॉइडएक्स वेबकिटमध्ये 'वेबव्ह्यू ॲसेट लोडर' दिला. तो एका खोट्या एचटीटीपीएस पत्त्यावरची विनंती मध्येच अडवतो आणि ॲपमधली फाइल उत्तर म्हणून देतो. पानाला खरे ओरिजिन मिळते आणि वरच्या सगळ्या तक्रारी एकदम मिटतात.

कॉर्डोव्हा हे कपॅसिटरच्या आधीचे त्याच कामाचे साधन; तो या वाटेवर उशिरा आला. २००८ मध्ये निटोबीने सुरू केलेल्या फोनगॅपचा तो वारस. २०११ मध्ये अडोबीने निटोबी विकत घेतली आणि कोड अपाची संस्थेकडे गेला. त्याची अँड्रॉइड बाजू २०२१ च्या दहाव्या आवृत्तीत एचटीटीपीएस लोकलहोस्टवर, म्हणजे फोनच्या स्वतःच्याच पत्त्यावर, आली. आयओएस बाजूने २०२० च्या सहाव्या आवृत्तीत जुना यूआयवेबव्ह्यू सोडला आणि स्वतःची स्कीम लावण्याची सोय दिली. इंटरनेटवर सापडणारी बरीचशी उत्तरे त्याआधीची आहेत. 'अँड्रॉइड ॲसेट' असा तुकडा असलेला फाइल स्कीमचा पत्ता कोणी सुचवला, तर ते उत्तर आजच्या प्रकल्पात वापरू नये.

कपॅसिटर काय देतो

आयॉनिकच्या चमूने कपॅसिटरची १.० आवृत्ती २०१९ मध्ये काढली. फाइल स्कीम त्यांनी पहिल्यापासूनच टाळली. आयओएसवर ॲप 'कपॅसिटर' या स्कीमने लोकलहोस्टवर उघडते. अँड्रॉइडवर ते एचटीटीपीएस लोकलहोस्टवर उघडते; सहाव्या आवृत्तीच्या आधी तिथे साधे एचटीटीपी होते. दोन्हीकडे खरा सर्व्हर आणि पोर्ट नसतो, वेबव्ह्यूची विनंती नेटिव्ह कोड (ॲपचा वेबबाहेरचा, फोनच्या यंत्रणेशी थेट बोलणारा भाग) मध्येच झेलतो. त्यामुळे फेच, मॉड्यूल स्क्रिप्ट, वेब वर्कर, वॅझम हे सगळे वेबसाइटवर चालते तसेच चालते.

व्हीट वापरणाऱ्यांनी इथे एक जुनी सवय मोडावी. कॉर्डोव्हाच्या काळात 'बेस' ही सेटिंग बिंदू-स्लॅश अशी सापेक्ष करावी लागे. कपॅसिटरमध्ये ती नुसती स्लॅश ठेवावी. सापेक्ष ठेवली आणि राउटर (पत्त्यावरून ॲपमधले पान ठरवणारा भाग) हिस्टरी पद्धतीचा असला, तर धडा-५ च्या पानावर रीलोड होताच ब्राउझर 'धडा' फोल्डरच्या आत स्क्रिप्ट शोधतो आणि पान कोरे होते.

तयार बिल्ड कुठे आहे ते कॉन्फिगमधल्या 'वेबडिर'मध्ये सांगायचे. व्हीटचे फोल्डर बहुधा 'डिस्ट' असते. मग 'एनपीएक्स कॅप सिंक' ही आज्ञा ते सगळे अँड्रॉइड प्रकल्पाच्या ॲसेट्समधल्या आणि आयओएस प्रकल्पातल्या 'पब्लिक' फोल्डरमध्ये उतरवते. नवी फाइल घातली, ॲप परत चालवले, तरी फाइल सापडत नाही, यामागे दहापैकी आठ वेळा सिंक विसरलेले असते. दुसरी चूक उलट दिशेची: घाईत 'पब्लिक' फोल्डरमध्येच हाताने बदल करणे. पुढचा सिंक तो बदल पुसून टाकतो.

अँड्रॉइडच्या बांधणीत आणखी एक खोच आहे. ॲसेट्स गोळा करणारे साधन मुळात अंडरस्कोरने सुरू होणारी फोल्डर आणि टिंबाने सुरू होणारी नावे वगळते. नक्स्टचा बिल्ड अंडरस्कोर-नक्स्ट नावाचे फोल्डर बनवतो, स्वेल्टकिटचा अंडरस्कोर-ॲप. कपॅसिटरच्या साच्यातल्या ग्रेडल (अँड्रॉइडच्या बांधणीच्या) फाइलमध्ये 'इग्नोर ॲसेट्स पॅटर्न' अशी ओळ घालून अंडरस्कोरची आडकाठी काढलेली असते, हे त्यांचे खरे कौतुक. पण जुन्या नेटिव्ह प्रकल्पात हाताने जोडणी करताना ही ओळ राहून जाते. मग आयओएसवर ॲप उत्तम चालते आणि अँड्रॉइडवर पांढरा पडदा. शंका असेल तर एपीके फायलीचे, म्हणजे अँड्रॉइड ॲपच्या तयार फायलीचे, एक्स्टेन्शन बदलून झिप करावे, ती उघडावी आणि ॲसेट्सच्या आतले 'पब्लिक' डोळ्यांनी पाहावे. फाइल पोचलीच नाही की पोचून वाचता येत नाही, हे दोन मिनिटांत कळते.

नावातल्या लहान-मोठ्या अक्षरांचा फरक विंडोज आणि मॅक सहसा चालवून घेतात. अँड्रॉइड आणि प्रत्यक्ष आयफोन घेत नाहीत. आयफोनचा सिम्युलेटर मॅकच्याच डिस्कवर चालतो, त्यामुळे तिथे ही चूक झाकली जाते. तपासणी खऱ्या फोनवरच करावी.

जेसन वाचताना पहिलेच अक्षर कोनी कंस निघाल्याची तक्रार आली, तर फायलीच्या जागी इंडेक्सचे एचटीएमएल आले आहे. पत्त्याच्या शेवटच्या भागात टिंब नसेल, तर कपॅसिटर ते राउटरचे पान समजून इंडेक्स फाइल देतो, तीही २०० स्टेटससह. एक्स्टेन्शन नसलेली डेटा फाइल ठेवली की हे घडणारच. प्रत्येक फायलीला एक्स्टेन्शन द्यावे.

ऑडिओ-व्हिडिओची बाजू चांगली आहे. मीडिया प्लेअर फाइल एकदम मागत नाही, रेंज हेडर पाठवून तुकडे मागतो आणि २०६ उत्तराची अपेक्षा ठेवतो. कपॅसिटरची दोन्हीकडची हँडलर्स हे जाणतात, म्हणून तासाभराच्या कीर्तनाच्या रेकॉर्डिंगमध्ये मधूनच ऐकता येते. स्वतः लिहिलेल्या स्कीम हँडलरमध्ये हेच सर्वांत जास्त राहून जाते, आणि विशेषतः आयओएसवर व्हिडिओ सुरूच होत नाही.

बांधलेला तयार एसक्यूलाइट डेटाबेस मात्र जागच्या जागी उघडत नाही. अँड्रॉइडवर ॲसेट्स ही खरी फोल्डर नसून एपीकेच्या झिपमधल्या नोंदी असतात, आणि एसक्यूलाइटला डिस्कवरची खरी फाइल लागते. पहिल्या वेळी ती ॲपच्या लिहिता येणाऱ्या जागेत उतरवून घ्यावीच लागते. कम्युनिटीच्या एसक्यूलाइट प्लगइनमध्ये त्यासाठी 'कॉपी फ्रॉम ॲसेट्स' आहे.

अरुंद पूल

फोनवरच्या, म्हणजे ॲप चालू असताना उतरवलेल्या किंवा वापरकर्त्याने निवडलेल्या फायलींसाठी अधिकृत फाइलसिस्टम प्लगइन आहे. त्यात रीडफाइलला मार्ग आणि डिरेक्टरी दिली की मजकूर परत येतो. लहान जेसनसाठी हे उत्तम आहे. दोष मोठ्या फायलींत दिसतो.

वेबव्ह्यू आणि नेटिव्ह कोड यांच्यातला ब्रिज, म्हणजे हा पूल, मुख्यतः मजकूर वाहतो. बायनरी फाइल त्यावरून न्यायची तर ती बेस-६४ (बाइटांना साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) करावी लागते, आणि त्यात आकार एक तृतीयांशाने वाढतो. ३० एमबीची ऑडिओ फाइल घ्या. नेटिव्ह बाजूला मूळ ३० आणि तिचे बेस-६४ रूप ४०. जावास्क्रिप्टकडे पोचलेली प्रत आणखी ४०. ती उलगडल्यावर ३० ची स्ट्रिंग, आणि शेवटी ३० चा बाइट ॲरे. मधला कचरा वेळेवर गोळा झाला नाही तर ही बेरीज १७० एमबीवर जाते. कमी रॅमच्या अँड्रॉइड फोनवर वेबव्ह्यूची प्रक्रिया इथेच मारली जाते. वापरकर्त्याला पडदा पांढरा झालेला दिसतो आणि जावास्क्रिप्टच्या ट्राय-कॅचमध्ये काहीही अडकत नाही.

योग्य मार्ग कपॅसिटरमध्येच आहे, आणि माझ्या मते दस्तऐवजात तो पहिल्या उदाहरणात असायला हवा होता. फाइलसिस्टमच्या 'गेट-यूआरआय'ने फायलीचा नेटिव्ह पत्ता घ्यावा. तो कपॅसिटरच्या 'कन्व्हर्ट-फाइल-एसआरसी' फंक्शनला द्यावा. ते त्याच लोकलहोस्टखालचा, मधे 'कपॅसिटर फाइल' असा खास तुकडा असलेला पत्ता परत देते. तो पत्ता ऑडिओ टॅगच्या सोर्सला लावावा, किंवा फेचने वाचून ब्लॉब अथवा ॲरेबफर (कच्च्या बाइटांचे दोन प्रकार) घ्यावा. आता बाइट पुलावरून जात नाहीत, वेबव्ह्यूच्या नेहमीच्या नेटवर्क वाटेने येतात, बेस-६४ शिवाय. पीडीएफ, ऑडिओ, नकाशाच्या टाइल्स, चित्रे या सगळ्यांना हीच वाट घ्यावी. साधारण १ एमबीच्या वरच्या कोणत्याही फायलीसाठी रीडफाइल टाळावे, असा नियमच प्रकल्पात लिहून ठेवावा.

कन्व्हर्ट-फाइल-एसआरसी नुसते स्ट्रिंगचे रूपांतर करते. फाइल आहे की नाही हे ते पाहत नाही, त्यामुळे चुकीच्या मार्गाचेही छान दिसणारे उत्तर मिळते आणि चूक पुढे फेचमध्ये फुटते. त्याचे उत्तर किंवा पूर्ण नेटिव्ह मार्ग कधीही डेटाबेसमध्ये साठवू नये. आयओएसवर ॲपच्या कंटेनरच्या मार्गात एक लांबलचक आयडी असतो आणि ॲप अपडेट झाल्यावर तो बदलू शकतो. काल उतरवलेले सगळे धडे अपडेटनंतर 'गहाळ' होतात, फायली मात्र जागेवरच असतात. साठवायचे ते फक्त डिरेक्टरीचे नाव आणि तिच्या आतला सापेक्ष मार्ग. पूर्ण पत्ता दर वेळी नव्याने काढावा.

लिहिण्याच्या बाजूला अशी पळवाट नाही. फोनवर राइटफाइलला स्ट्रिंगच लागते, ब्लॉब चालतो तो फक्त वेबवर. वापरकर्त्याने निवडलेली २०० एमबीची फाइल ॲपच्या जागेत न्यायची तर ती स्लाइसने १ एमबीच्या तुकड्यांत कापावी, प्रत्येक तुकडा बेस-६४ करून 'अपेंडफाइल'ने जोडावा, आणि प्रत्येक वेळी आधीचा पूर्ण होईपर्यंत थांबावे. दोनशे प्रॉमिस एकदम सोडले तर तुकड्यांचा क्रम बिघडतो आणि फाइल आकाराने बरोबर पण आतून खराब निघते. फाइल इंटरनेटवरून येणार असेल तर ती जावास्क्रिप्टमध्ये आणूच नये. नेटिव्ह बाजूनेच थेट डिस्कवर उतरवून घ्यावी. नव्या आवृत्त्यांत हे काम वेगळ्या फाइल ट्रान्सफर प्लगइनकडे दिले आहे.

पालक फोल्डर नसेल तर राइटफाइल नकार देते, म्हणून 'रिकर्सिव्ह' खरे ठेवावे. उलट, असलेले फोल्डर पुन्हा बनवायला गेले की एमकेडिरही त्रुटी देते. ती गिळून पुढे जावे.

वापरकर्त्याकडून फाइल घेताना

बहुतेकांना पिकरचे प्लगइन लागतच नाही. साधा फाइल इनपुट टॅग कपॅसिटरच्या वेबव्ह्यूत चालतो, परवानगी मागावी लागत नाही, आणि हातात येणारा फाइल ऑब्जेक्ट पुलावरून आलेला नसतो. चित्र किंवा ऑडिओ लगेच दाखवायचा तर 'क्रिएट ऑब्जेक्ट यूआरएल' पुरेसे आहे. काम झाले की तो पत्ता रद्द (रिव्होक) करावा. 'ॲक्सेप्ट' गुणधर्मात दुर्मीळ एक्स्टेन्शन लिहिले तर अँड्रॉइडला त्याचा एमआयएमई प्रकार (फायलीच्या जातीचे प्रमाण नाव) सापडत नाही आणि यादीत हवी ती फाइल करडी दिसते. अशा वेळी ॲक्सेप्ट काढून टाकावा आणि निवड झाल्यावर नावाचा शेवट स्वतः तपासावा.

हा प्रवेश तात्पुरता असतो. ॲप बंद होऊन पुन्हा उघडले की तो ऑब्जेक्ट उरत नाही. फाइल पुढेही लागणार असेल तर तिथल्या तिथे आपल्या डिरेक्टरीत प्रत घ्यावी. कॅपऑसमचे फाइल पिकर वापरत असाल तर 'रीड डेटा' बंदच ठेवा, नाहीतर तोच बेस-६४ चा भार परत येतो. मिळालेला मार्ग कन्व्हर्ट-फाइल-एसआरसीमधून काढावा. अँड्रॉइडचे कंटेंट पत्तेही ते फंक्शन समजते.

डाउनलोड फोल्डरमधल्या सगळ्या पीडीएफ आपोआप शोधून दाखवणारे ॲप मात्र यात होणार नाही. अँड्रॉइड ११ पासून सार्वजनिक डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये ॲपला फक्त स्वतः बनवलेल्या फायली दिसतात. सगळ्या फायलींचा ताबा देणारी परवानगी आहे, पण प्ले स्टोअर ती फाइल मॅनेजरसारख्या मोजक्याच प्रकारांना देतो. हा कपॅसिटरचा दोष नाही, तरी त्याच्या मंचांवर या तक्रारी सतत दिसतात.

डिरेक्टरी निवडताना 'डेटा' हे नाव फसवते. अँड्रॉइडवर ती ॲपची खासगी जागा आहे, पण आयओएसवर तीच डॉक्युमेंट्स डिरेक्टरी असते. तिचा आयक्लाउड बॅकअप होतो, आणि फाइल शेअरिंग चालू असेल तर ती फाइल्स ॲपमध्येही दिसते. पुन्हा उतरवता येणारा मजकूर तिथे ठेवलेला ॲपलच्या नियमांत बसत नाही. त्यासाठी 'कॅश' वापरावी आणि जागा कमी पडली की यंत्रणा ती साफ करू शकते हे धरून कोड लिहावा. किंवा नव्या आवृत्त्यांमधली क्लाउडविना लायब्ररी डिरेक्टरी घ्यावी.

देवनागरी मजकूर आणि देवनागरी नावे

मराठी ॲप करणाऱ्यांना चार गोष्टी हमखास छळतात. रीडफाइलला एन्कोडिंग दिले नाही की उत्तर बेस-६४ मध्ये येते. ते एटीओबीने (बेस-६४ उलगडणाऱ्या जावास्क्रिप्टच्या फंक्शनने) उलगडले की प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्हाच्या जागी तीन परकी चिन्हे उमटतात, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते आणि एटीओबी प्रत्येक बाइटला स्वतंत्र अक्षर समजते. एन्कोडिंग यूटीएफ-८ द्यावे, किंवा बाइट टेक्स्टडिकोडरकडे (बाइटांचा मजकूर करणाऱ्या ब्राउझरच्या सोयीकडे) सोपवावेत. मोठा मजकूर तुकड्यांनी वाचत असाल तर तुकडा अक्षराच्या मधोमध तुटतो आणि जोडावर चौकोनी प्रश्नचिन्हे येतात. टेक्स्टडिकोडरला 'स्ट्रीम' खरे सांगितले की तो उरलेले बाइट पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवतो.

एक्सेलमधून यूटीएफ-८ म्हणून जतन केलेल्या सीएसव्हीच्या सुरुवातीला बीओएमचे (एन्कोडिंगची खूण सांगणारे) तीन अदृश्य बाइट असतात. फेचचे टेक्स्ट फंक्शन ते काढून टाकते. दुसऱ्या मार्गाने आलेल्या स्ट्रिंगमध्ये ते राहिले तर पहिल्या स्तंभाचे नाव जुळत नाही, आणि जेसन असेल तर पार्स पहिल्याच अक्षराला फुटतो. पहिले अक्षर तपासून काढून टाकावे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली युनिकोड नसतातच, त्यांना आधी कन्व्हर्टरमधून काढल्याशिवाय पर्याय नाही.

चौथी गोष्ट खास आपली, 'ऱ' ची. 'दुसऱ्या' किंवा 'वाऱ्यावर' या शब्दांतला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा 'र' आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, बाइट वेगळे असतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क फाइलनावे सुटी करून साठवते. तिथे ठेवलेली 'दुसऱ्या दिवशी' नावाची एमपी३ झिपमधून अँड्रॉइड प्रकल्पात आली, आणि जेसनमधले नाव एकसंध 'ऱ' ने टाइप केलेले असले, तर फाइल समोर दिसत असूनही सापडत नाही. दोन्ही बाजूंना 'नॉर्मलाइझ' फंक्शनने एनएफसी, म्हणजे एकसंध, रूप द्यावे. त्याहून बरे म्हणजे फायलींना साधी इंग्रजी अक्षरे-आकड्यांची नावे द्यावीत आणि मराठी शीर्षक जेसनमध्ये ठेवावे. यात मराठीचा मान कमी होत नाही, वाचकाला दिसते ते शीर्षकच.

स्कीम बदलताना

जुना प्रकल्प सहाव्या किंवा पुढच्या आवृत्तीवर नेताना सर्वांत मोठा धोका इथे आहे. अँड्रॉइडची स्कीम एचटीटीपीवरून एचटीटीपीएस झाली की ओरिजिन बदलते. लोकलस्टोरेज, इंडेक्स्डडीबी आणि कुकीज ओरिजिनशी बांधलेले असतात. अपडेटनंतर प्रत्येक वापरकर्ता लॉगआउट होतो आणि त्याच्या खुणा, वाचलेले धडे, मसुदे दिसेनासे होतात. स्टोअरवर आधीच असलेल्या ॲपसाठी कॉन्फिगमध्ये अँड्रॉइड स्कीम स्पष्टपणे एचटीटीपी लिहून जुने ओरिजिन टिकवावे, आणि महत्त्वाचा डेटा फाइलसिस्टममध्ये किंवा एसक्यूलाइटमध्ये हलवून मगच ती बदलावी. नव्या ॲपने पहिल्या दिवसापासून एचटीटीपीएस घ्यावे आणि नंतर स्कीम किंवा होस्टनेमला हात लावू नये. एचटीटीपीएसवर गेल्यावर शाळेच्या लॅनवरच्या साध्या एचटीटीपी सर्व्हरवरून फायली घेता येत नाहीत, तो मिश्र मजकूर ठरून अडतो, हेही आधी तपासावे.

लाइव्ह रीलोडसाठी (कोड बदलताच फोनवरचे पान ताजे व्हावे म्हणून) कॉन्फिगमध्ये सर्व्हर यूआरएल लिहिले जाते, तेव्हा पान डेव्ह सर्व्हरच्या ओरिजिनवरून येते. त्या अवस्थेत स्थानिक फायलींची चाचणी विश्वासार्ह नसते. फायलींचे काम तपासताना ती ओळ काढावी, बिल्ड करावे, सिंक करावे आणि मग फोनला केबल लावून अँड्रॉइडसाठी क्रोमच्या इन्स्पेक्टमधून, आयफोनसाठी सफारीच्या डेव्हलप मेनूतून नेटवर्क टॅब पाहावा. ही ओळ चुकून स्टोअरच्या बिल्डमध्ये गेली तर वापरकर्त्याच्या फोनवर ॲप उघडतच नाही.

कोणी घ्यावा

सातव्या आवृत्तीला नोड २० किंवा पुढचे, अँड्रॉइडवर एपीआय २३ आणि आयओएस १४ लागते. याहून जुने फोन सांभाळायचे असतील तर मागची आवृत्ती घ्यावी लागेल. ॲप फक्त अँड्रॉइडसाठी आणि फायली सगळ्या बांधलेल्या असतील, तर कपॅसिटरचीही गरज नाही. वेबव्ह्यू ॲसेट लोडर आणि थोडासा कॉटलिन कोड पुरतो, ॲप हलकेही राहते. चालू कॉर्डोव्हा प्रकल्प एचटीटीपीएस लोकलहोस्टवर आला असेल आणि त्याची प्लगइन्स जिवंत असतील, तर केवळ फायलींसाठी स्थलांतर करू नये. त्यातल्या जुन्या फाइल प्लगइनची एक खोड मात्र लक्षात ठेवावी: ते ब्राउझरच्या फाइलरीडरच्या जागी स्वतःचा बसवते, आणि अँग्युलरच्या झोन लायब्ररीबरोबर 'ऑनलोड' कधीच चालत नाही. कॉर्डोव्हाची स्क्रिप्ट पॉलिफिलच्या (झोन जिच्यात येते त्या स्क्रिप्टच्या) आधी लावली की बहुधा सुटते.

ऑफलाइनसाठी सर्व्हिस वर्करवर (फायली साठवून ठेवणाऱ्या पार्श्वभूमीतल्या स्क्रिप्टवर) उभे असलेले पीडब्ल्यूए (ॲपसारखे बसवता येणारे वेब ॲप) कपॅसिटरमध्ये गुंडाळणार असाल तर आयओएसवर तो वर्कर कपॅसिटरच्या स्कीमखाली नोंदलाच जात नाही. कॅशिंगचा तो थर काढून फायली सरळ बिल्डमध्ये घालाव्यात. आणि आयओएसचे बिल्ड स्टोअरला पाठवण्याआधी फाइलसिस्टम प्लगइन वापरत असाल तर प्रायव्हसी मॅनिफेस्टमध्ये (ॲप कोणत्या संवेदनशील सोयी वापरते ते सांगणाऱ्या फायलीत) फाइल टाइमस्टॅम्प या गटाची नोंद, सी६१७.१ या कारणासह, घातलेली आहे ना हे बघून घ्यावे. १ मे २०२४ पासून ॲपल ती मागते.